बिनपात्याचा चाकू

जालन्याहून येणारी माणसं काय काय घेऊन येतात. कुणी लुगडी आणतं, कुणी सरकीचं पोतं आणतं, कुणी नुसती तिकडच्या उन्हाची तक्रार घेऊन येतं. मी चाकू आणला, आणि त्या चाकूला पातं नाही. आमच्या मंडळींनी तो उलटासुलटा करून पाहिला, सगळे खटके उघडले आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे बघूनच दिला असेल कुणीतरी." तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवला जातो आणि प्रत्येकजण हसतो. हसा बापडे! पण आधी सगळी हकिगत तरी ऐका, म्हणून हे लिहायला बसलो.

मी राहुरीकडचा. तीस वर्षं मास्तरकी केली, आता नोकरीतून मोकळा आहे. खिशात चाकू नसला की मला टोपी न घालता बाहेर पडल्यासारखं वाटतं. लढाई संपल्यावर जुन्या बाजारात पलटणीचा माल विकायला आला होता, त्यात मला एक चाकू मिळाला होता. एका मुठीत सात हत्यारं! मोठं पातं, लहान पातं, टोच्या, पेचकस, चिमटा, डबा फोडायचं आणि बाटलीचं झाकण काढायचं. बाटली मी आयुष्यात एकदाच उघडली, तीही औषधाची. पण हत्यार असलेलं बरं.

जालन्याला जायचं कारण निराळं होतं. माझी धाकटी बहीण मथुरा त्या बाजूला तीर्थपुरीला दिलेली आहे. आमच्या वडिलांनी विहिरीजवळ लावलेलं मोसंबीचं एक झाड होतं. वडील गेले, आणि वर्षभरात झाडाच्या बुंध्याला डिंक्या लागला. साल सडून त्यातून डिंक गळायला लागला. मथुरानं निरोप धाडला, "मला माहेरचं दुसरं काही नको. त्या झाडाचं एक झाड माझ्या मळ्यात लावून दे." त्यासाठी तिनं वर्षभर खपून ईडलिंबाची वीस रोपं वाढवली होती. त्यांच्या सालीत आमच्या झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, बसवायचे, की त्या रोपांची मोसंबी होते. हे काम मला येतं. एवढं एकच येतं, असं मंडळी म्हणतात.

रोग बाकीच्या झाडांना लागू नये म्हणून आमचं झाड पाडावंच लागलं. पाडण्याआधी शेंड्याच्या निरोगी काड्या मी कापून घेतल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून टोपलीत ठेवल्या. त्या चार-पाच दिवस टिकतात. त्यापुढे वाळल्या की संपलं, कारण मागं झाडच उरलेलं नव्हतं. हे मथुराला मी कळवलं नव्हतं.

मनमाड

आता माझा मूर्खपणा सांगतो. मनमाडला गाडी बदलायची होती आणि वेळ भरपूर होता. बाकावर शेजारी एक गृहस्थ दातांनी पेरू फोडत बसले होते. ते मला बघवेना. "थांबा," म्हटलं आणि चाकू काढला. पेरूच्या चार फोडी केल्या. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण त्यांनी विचारलं, "आणि हे काय आहे?" झालं! मी एकेक खटका उघडून सातही हत्यारांवर पाठ घेतला. चिमट्यापर्यंत आलो तोच गाडीची शिट्टी झाली. टोपली उचलली, पिशवी उचलली आणि पळालो. दौलताबादचा किल्ला खिडकीतून दिसायला लागला तेव्हा सगळा डबा तिकडे बघत होता, आणि मी खिसे चाचपत होतो. चाकू मनमाडच्या बाकावर राहिला होता.

जालना

जालना हे मोठं व्यापाराचं गाव. स्टेशनातून बाहेर पडलो तर कापसाच्या गाड्यांची रांगच रांग, आणि सगळ्या रस्त्यावर कापूस उडतोय. निजामी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली, पण जुन्या पाट्यांवर उर्दू अजून आहे आणि माणसांच्या तोंडातही आहे. "जल्दी करा", "बिलकुल न्हाई", "बराबर हाय" हे इथं मराठीच. आमच्याकडे भाव करताना दोघंही तावातावानं बोलतात. इथं दुकानदार आधी पाणी पाजतो, मग गोडीत नाही म्हणतो.

मी आधी न्हाव्याकडे गेलो. वस्तऱ्याची धार डोळे काढायला चालते. तो म्हणाला, "हत्यार दुसऱ्याच्या हाती देत न्हाई, मास्तर. पायजे तं दाढी करून देतो." केली दाढी. मग बाजार पालथा घातला. खिशातला चाकू पारखायची माझी रीत आहे. आधी तो मिटून मुठीत धरायचा, बाहेर डोकावता कामा नये. मग नखानं उघडायचा. नख मोडायची वेळ आली तर खाली ठेवायचा. उघडल्यावर पातं आडवं हलवून बघायचं, आणि शेवटी हातावरचे केस कापून बघायचे. दुपारपर्यंत माझ्या डाव्या हातावर केस राहिले नाहीत, पण चाकू काही मिळेना. एक होता तो बकरं सोलायचा. एकाची मूठ सुंदर, नक्षीची, आणि पातं लोण्यातसुद्धा अडकेल असं. एकानं मला अडकित्ता दाखवला. "ह्यानं बी कापतंय की," म्हणाला!

चार वाजता लोखंडी सामानाच्या एका दुकानात मला हवा तो चाकू दिसला. दिसला म्हणजे काय, मी ओरडलोच. विलायती माल, मुठीत बसणारा, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एका टोकाला हाडाची चपटी, गुळगुळीत पट्टी. ही पट्टी फक्त डोळे भरणाऱ्यांच्या चाकूला असते, सालीला न दुखवता ती उचलायला. पेचकस उघडला, टोच्या उघडला, डबा फोडायचं उघडलं. पुढची खाच रिकामी होती, आणि तिच्या पुढचीही.

"शेठ, ह्याचं पातं कुठंय?"

"पातं न्हाई," गादीवरचे शेठ शांतपणे म्हणाले. घेवरचंदशेठ त्यांचं नाव. मारवाडी जैन, पण चार पिढ्या जालन्यातच गेलेल्या.

"तुटलं?"

"काढलं. पुतण्यानं मुंबईवरून माल मागिवला. कागदावर लिव्हलं होतं, आठ कामाचं हत्यार. पेटी उघडली तं हरेक चाकूत दोन-दोन पाती! आमच्या घरात पात्याचा धंदा करत न्हाईत, मास्तर. वडलांपासून व्रत हाय. मंग पाती काढली अन् बाकीचा माल ठेवला."

"असला चाकू घेतो कोण?"

"घेतात की. सायकलवाले घेतात, शिवणयंत्रवाले घेतात. तहसिलीतले दोन कारकून बी घेऊन गेल्ते."

"आणि ती पाती?"

शेठनी फळीवरच्या हिंगाच्या डब्याकडे बोट केलं. "विकता येत न्हाई, कुणाला देता येत न्हाई. फेकावं तं कुणीतरी उचलून बकरं कापंल. मंग पाप कुणाला? म्हणून ठिवून राह्यलो."

माझं डोकं फिरलं. काड्या कापल्याला तिसरा दिवस सरत आला होता, त्या टोपलीत सुकत होत्या, आणि पातं चार हातांवर डब्यात! "अहो, बकरं नाही, झाड लावायचंय मला!" मी गरजलो.

"झाडात जीव न्हाई का?"

वनस्पती सजीव आहेत हे मीच तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

"आणि हे डबा फोडायचं कसं चालतं?" मी उगाच खुसपट काढलं.

"डब्यात कुठं जीव हाय?" शेठ म्हणाले. मग माझ्या टोपलीकडे बघून त्यांनी विचारलं, "जेवले का तुम्ही?"

मी रागात होतो, पण सकाळपासून उपाशीही होतो. दुकानावरच त्यांचं घर. दिवस बुडायच्या आत त्यांच्याकडे जेवणं होतात, म्हणून पाचालाच पानं मांडली. तुपात बुडवलेल्या बाट्या, डाळ, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी आणि पापडाची भाजी. पापड भाजून खायचा असतो एवढंच आम्हाला ठाऊक. ह्यांनी त्याची रस्साभाजी केली होती आणि ती मी तीनदा मागून घेतली. डाळीत पिळायला मी लिंबू मागितलं, तर सगळे थबकले.

शेठाणीबाई वाढत होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हसऱ्या. "आज चौदस हाय, मास्तर. आज आमच्यात हिरवं काही चिरत न्हाईत. लिंबूबी न्हाई." आणि मग हळूच म्हणाल्या, "मलाबी लिंबाबिगर डाळ गिळवत न्हाई. पण एक दिवसाचं काय, निभतंय."

जेवणं झाल्यावर त्यांनी टोपलीबद्दल विचारलं. मी गोणपाट उघडून दाखवलं. त्या लगेच आत गेल्या, कपड्यानं गाळलेलं पाणी घेऊन आल्या आणि काड्यांवर शिंपडलं. मी झाडाची गोष्ट सांगितली. "बहीण लई रडली असंल, झाड पाडलं तव्हा," त्या म्हणाल्या.

"तिला अजून माहीत नाही."

त्यांनी एक काडी गोणपाटात नीट सारली. मग म्हणाल्या, "माझं माहेर मारवाडात. एकदा इकडं आले ती दोनदाच गेल्ते. आता तिथलं काहीच न्हाई माझ्यापाशी." आणि एकदम विचारलं, "किती डोळे हायेत?"

"वीस."

"म्हंजे वीस रोपं कापायची?"

"हो, वीस."

त्या शेठकडे वळल्या. "विकायचं न्हाई, हे व्रत. द्यायचं न्हाई, हेबी बराबर. पण उसनं द्यायला कुणी मना केलंय? वाटीभर डाळ देतो तसं. काम झालं की परत आणून देतील."

"उसनं दिलं तरी पाप लागायचं ते लागतंच," शेठ म्हणाले.

"लागू द्या. ते मी बघते."

शेठ उठले, डबा घेऊन आले, आणि एक पातं फडक्यात गुंडाळून जमिनीवर ठेवलं. हातात नाही दिलं. ते मी उचललं. बिनपात्याचा चाकू मात्र त्यांनी मला रीतसर विकला, आणि त्यात एक पैसा सोडला नाही.

वडीगोद्री

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं अंबडवरून वडीगोद्रीला उतरलो. दोन्ही अंगांना काळं रान आणि डोक्याएवढी ज्वारी. आमच्याकडच्या विहिरी आणि पाट इथं नाहीत, पण माती अशी की ढेकूळ उचललं तर हाताला थंड लागतं. रस्त्याच्या कडेला एक लोहार भाता मारत होता. त्याच्यापुढं चाकू आणि पातं ठेवून म्हटलं, "एवढं ह्यात बसवून दे."

त्यानं दोन्ही वस्तू निरखल्या. "नवा चाकू दिसतोय. मंग पातं येगळं कामून ठिवलं?"

"लांबलचक गोष्ट आहे, बाबा."

रिवेट ठोकून त्यानं खटका दोनदा वाजवून पाहिला. मी हातावर धार पाहायला गेलो, पण केस शिल्लक नव्हते.

आमचे दाजी, मथुराचे यजमान, बैलगाडी घेऊन आले होते. दाजी गरीब माणूस, दिवसाला चार शब्द बोलणारे. त्यातले दोन त्यांनी तिथंच खर्च केले. "आले का?" म्हणाले, आणि तीर्थपुरीपर्यंत गाडी हाकत राहिले.

तीर्थपुरी

मथुरा वाटेवरच उभी होती. तीस वर्षं इथं राहून तिची बोली पार बदलली आहे. "दादा, किती वाळलास! वयनी खायला देत न्हाई का? अन् झाड कसं हाय आपलं?"

"आहे," मी म्हटलं. बहिणीपुढं खोटं बोलताना माझी मान नेहमी खाली जाते, ती गेलीच.

सकाळी उन्ह व्हायच्या आत मळ्यात गेलो. वीस रोपं, बोटाएवढी जाड, सारख्या उंचीची. पोरीनं काय निगा राखली होती! मी बसलो आणि गोणपाट सोडलं. काड्या हिरव्या होत्या, फक्त टोकं जरा मऊ पडली होती. आज काम झालं तर झालं. पहिली काडी उचलली तोच मथुरानं ती माझ्या हातातून घेतली.

"दादा, ही शेंड्याची काडी हाय."

"हं."

"शेंड्याला बाबा कुणाला हात लावू देत नव्हते." तिनं दुसरी काडी बघितली, तिसरी बघितली. लहानपणी ती त्या झाडावरच राहायची, तिला फांदी न् फांदी पाठ. "पाडलं ना रे झाड?"

मी मान हलवली. ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मलाही तेव्हाच रडू आलं; झाड पाडताना आलं नव्हतं. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "चल, कर सुरू. जल्दी कर, उन्ह लागलं तं हे बी वाळतील."

मग मी काम केलं, आणि असं काम पूर्वी कधी केलं नसेल. रोपाच्या सालीला उभा काप, वर आडवा काप. हाडाच्या पट्टीनं साल हलकेच उचलायची. काडीवरचा डोळा पातळ सालीसकट काढून आत सरकवायचा, आणि वरून केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, पट्टी बांधायची. पातं पाण्यातून फिरावं तसं फिरत होतं. मथुरा पट्ट्या ओल्या करून हातात देत होती आणि प्रत्येक बांधलेल्या डोळ्याला काहीतरी पुटपुटत होती. दाजी येऊन उभे राहिले. "झकास," म्हणाले. हा त्यांचा त्या दिवसाचा मोठा शब्द.

पट्ट्या सोडायला पंधरा दिवस लागतात. ते दिवस मी राजासारखे काढले. ज्वारी हुरड्यात आली होती. आमच्याकडे हुरडा दह्यासंगं खातात. इथं शेंगदाण्याची, लसणाची अशी जाळ चटणी देतात, की कानातून वाफ निघते आणि हात पुन्हा ताटाकडेच जातो. गावातली माणसं चाकू बघायला यायची. मनमाडची आठवण ठेवून मी पाठ घ्यायचं टाळलं. बरंचसं टाळलं.

सोळाव्या दिवशी आम्ही पट्ट्या सोडल्या. पहिला डोळा हिरवा. दुसरा हिरवा. तिसरा काळा पडलेला. मथुरानं पुढची पट्टी मलाच सोडायला लावली. पण पुढं हिरवे, हिरवे, हिरवे. विसातले सतरा डोळे लागले होते. "दादा, सतरा!" ती नाचायचीच बाकी होती. "मला एक पायजे होतं रे, एक!" आणि पुन्हा रडली, पण ह्या खेपेला हसत.

निघताना तिनं टोपली भरून दिली. शेठाणीबाईंची सगळी गोष्ट तिला सांगितली होती. म्हणून हरभऱ्याचे डहाळे, मेथी आणि वर पंचवीस पिवळीधमक लिंबं. "त्यांना म्हणा, डाळीत पिळा," मथुरा म्हणाली. टोपलीत तळाला तेच गोणपाट होतं.

वडीगोद्रीला पुन्हा त्याच लोहारापुढं बसलो. "एवढं पातं काढून दे."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "मास्तर, बसवायचं का काढायचं, ते एकदा नक्की करा की!"

पुन्हा जालना

घेवरचंदशेठ गादीवरच होते. मी पातं पुसून, फडक्यात गुंडाळून त्यांच्यापुढं खाली ठेवलं. त्यांनी ते उचलून हिंगाच्या डब्यात टाकलं आणि डबा फळीवर ठेवला.

"किती लागले?"

"सतरा."

शेठच्या चेहऱ्यावर काय उजेड पडला! "अहो, ऐकलं का? सतरा लागले!" त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली. शेठाणीबाई धावतच खाली आल्या. मला त्या जरा सुकल्यासारख्या वाटल्या. त्यांनी खोदखोदून सगळं विचारलं. मथुरा काय म्हणाली, कधी रडली, पुन्हा का रडली. मी टोपली त्यांच्यापुढं सरकवली. "बहिणीनं दिलंय तुम्हाला. आज काही चौदस नाही, मी पंचांग बघून आलोय. आज डाळीत लिंबू पिळायचं!"

त्यांनी एक लिंबू उचललं, वास घेतला आणि परत ठेवलं.

"काय झालं?"

त्या नुसत्या हसल्या. शेठच म्हणाले, "तुम्ही गेल्तात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हिनं हिरवं सोडलंय. भाजी न्हाई, फळ न्हाई. वीस डोळे म्हणला होतात ना? एका डोळ्याला एक दिवस. आज अठरावा हाय."

"लिंबूसुद्धा?"

"लिंबूबी."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तिकडे मी हुरडा झोडत होतो, आणि इथं ही बाई माझ्या वीस कापांपायी कोरडी डाळ गिळत होती. तेही न सांगता. 'ते मी बघते' म्हणाल्या होत्या, ते हे. ह्याच दुकानात मी आरडाओरडा केला होता, त्याची अशी लाज वाटली की सांगता सोय नाही. "बाई, मला माफ करा," एवढंच कसंबसं बोललो.

"अवं, त्यात काय! सतरा झाडं लागली की," त्या म्हणाल्या. मग टोपलीकडे बघून त्यांनी लहान मुलीसारखं विचारलं, "अजून दोन दिवस हायेत. तवर टिकंल ना हे?"

मी टोपलीच्या तळाचं गोणपाट बाहेर काढलं आणि पाणी मागितलं. त्यांनी गाळलेल्या पाण्याचा तांब्या आणून दिला. दुकानाच्या पायरीवर बसून मी गोणपाट भिजवलं, पिळलं, आणि त्यात लिंबं, मेथी, डहाळे सगळं नीट गुंडाळून दिलं.

"टिकेल," मी म्हटलं. "चांगलं चार दिवस टिकेल."